कै. खाशाबा जाधव : राजाराम कॉलेजच्या आखाड्यापासून हेलसिंकीपर्यंत

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत एखाद्या कीर्तिवंत पुरुषाचे चरित्र द्यावयाचे, हा परिपाठ वाचकांच्या परिचयाचा आहेच. बहुधा अशा स्थळी राजेरजवाडे, समाजसुधारक किंवा दानशूर गृहस्थ यांची वर्णी लागते. यंदा आम्ही एका मल्लाची निवड केली आहे, आणि तीही हेतुपुरस्सर. मुलाने एक तर पुस्तक धरावे, नाही तर तालमीची वाट धरावी, दोन्ही एकाच देहाला साधावयाचे नाही, अशी समजूत आपल्या पुष्कळशा कुटुंबांत आजही दृढ आहे. ज्या मल्लाने स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले, तो तालमीतला तर होताच, परंतु कॉलेजातला विद्यार्थीही होता, ही गोष्ट या समजुतीच्या संदर्भात ध्यानी घेण्याजोगी आहे.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात कराडनजीकच्या गोळेश्वर या गावी झाला. पाच भावांतील ते सर्वांत धाकटे. वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल असल्यामुळे घरातच गुरू लाभला आणि वयाच्या पाचव्या वर्षापासूनच अंगाला लाल माती लागली. सन १९४० ते १९४७ या काळात त्यांचे शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात झाले. मध्यंतरी बेचाळीसची चळवळ पेटली. त्या धामधुमीत भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, पत्रके पोहोचविणे अशी कामे या पोरसवदा मुलाने केली. अभ्यासही सांभाळला आणि कुस्तीही सोडली नाही. पुढे उच्च शिक्षणासाठी ते कोल्हापुरास राजाराम कॉलेजात दाखल झाले.

कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. राजर्षी शाहू महाराजांनी या विद्येस दिलेला आश्रय आणि बांधलेले खासबाग मैदान यांमुळे त्या नगरीत तालमीची परंपरा घरोघर रुजलेली होती. बाबुराव बलवडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्यासारखे मार्गदर्शक खाशाबांना तेथे भेटले. परंतु कॉलेजात प्रथम अडथळाच उभा राहिला. मूर्ती लहान, अंगलट सडपातळ. वार्षिक क्रीडास्पर्धांत कुस्तीसाठी नाव देण्यास ते गेले, तेव्हा क्रीडाशिक्षकांनी त्यांच्या देहयष्टीकडे पाहून नकार दिला. खाशाबांनी वाद घातला नाही. ते थेट प्राचार्यांकडे गेले आणि परवानगी मिळविली. मग आखाड्यात उतरून आपल्याहून थोराड प्रतिस्पर्ध्यांना त्यांनी आस्मान दाखविले. आम्ही आयुष्य शाळेत घालविले असल्यामुळे या प्रसंगाकडे आमचे लक्ष विशेष जाते. पोराचे माप त्याच्या छातीच्या घेरावरून काढण्याची खोड शिक्षकवर्गास फार पूर्वीपासून आहे. प्राचार्यांनी ते माप मानले नाही, हे त्या कॉलेजचे भाग्य.

याच गुणावर सन १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली आणि प्रवासखर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तेथे रीस गार्डनर या प्रशिक्षकांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. सर्वांत हलक्या, म्हणजे ५२ किलोच्या गटात ते लढले. ऑस्ट्रेलियाचा बर्ट हॅरिस आणि अमेरिकेचा बिली जर्निगन यांना त्यांनी हरविले; इराणच्या मन्सूर रईसीपुढे मात्र त्यांचे काही चालले नाही. सहावा क्रमांक मिळाला. मॅटवरच्या कुस्तीचा पुरेसा सराव नसलेल्या तरुणाच्या दृष्टीने हे यश लहान नव्हे. परंतु खाशाबांना ते पुरेसे वाटले नाही, आणि येथूनच पुढील चार वर्षांच्या तयारीचा आरंभ होतो.

ही तयारी कशी होती, हे सांगण्यापूर्वी माती आणि मॅट यांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. नाही तर तिचे मोल ध्यानात यावयाचे नाही. आपल्याकडील हौद्यात पाय मातीत रुततो, अंगाला माती फासल्यामुळे पकड घट्ट बसते, आणि प्रतिस्पर्ध्याच्या लांगेला हात घालता येतो. खडाखडीला वेळेचे बंधन नसे. अर्धा अर्धा तास मल्ल एकमेकांचा अंदाज घेत राहत. शेवट चितपटीने व्हावयाचा, नाही तर कुस्ती बरोबरीत सुटावयाची. मॅटवर यांतील एकही आधार राहत नाही. पाऊल रुतण्याऐवजी सरकते, पायांत बूट असतात, घामाने ओले झालेले अंग हातातून निसटते, आणि प्रतिस्पर्ध्याचा पोशाख धरणे नियमाबाहेर असते. शिवाय घड्याळ चालू असते आणि पंच गुण मोजीत बसलेले असतात. मातीत ज्याला धीर म्हणतात, त्याला तेथे दिरंगाई म्हणतात.

दुसरी अडचण वजनाची. आमच्या तालमीत खुराक म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई आणि त्यावर भरगच्च जेवण. जितके अंग भरेल तितके चांगले, ही वस्तादांची शिकवण. वजनी गटाच्या स्पर्धेत हा हिशेब उलटा होतो. खाशाबा आता ५७ किलोच्या गटात उतरणार होते. तेव्हा ताकद वाढवावयाची, पण काटा त्या आकड्यापलीकडे जाऊ द्यावयाचा नाही, असा दुहेरी नियम पाळणे भाग होते. ज्याने जत्रेतल्या मैदानांसाठीच मेहनत केली असेल त्याला हे पथ्य किती जड जाते, ते तालमीत वावरलेल्या वाचकांना सांगावयास नको.

जोर, बैठका आणि लढत यांचा क्रम खाशाबांनी सकाळ-संध्याकाळ चालू ठेवला. डावांमध्ये ढाक हा त्यांचा हुकमी डाव होता. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत जखडून, कमरेच्या झटक्यानिशी त्याला खाली आणावयाचे, असे त्याचे स्वरूप. लहान चणीच्या मल्लास ढाक फार उपयोगी पडतो. कारण त्यात वजनापेक्षा वेळ साधण्याला महत्त्व असते, आणि तो माती व मॅट या दोहोंवर सारखाच चालतो.

इतके करूनही हेलसिंकीची वाट सुकर झाली नाही. मद्रास येथील निवडीच्या कुस्तीत एका गुणाने त्यांना मागे टाकण्यात आले. हा अन्याय आहे असे खाशाबांचे म्हणणे होते. त्यांनी भारतीय ऑलिंपिक संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष पतियाळाचे महाराज यांच्याकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती ठरली आणि या खेपेस त्यांनी प्रतिस्पर्ध्यास सरळ चीत करून गुणांचा प्रश्नच मिटविला.

आता प्रश्न उरला पैशाचा. सरकारदरबारी पदरी निराशा आली. गोळेश्वर व आसपासच्या गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली, पण ती अपुरी. अशा वेळी, राजाराम कॉलेजचे प्राचार्यपद ज्यांनी भूषविले त्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. त्या काळी ही रक्कम सामान्य शिक्षकाच्या कित्येक वर्षांच्या पगाराएवढी होती. पदक मिळेलच अशी हमी कोणी दिलेली नव्हती. एका विद्यार्थ्याच्या मनगटावर विश्वास ठेवून घराचे कागद सावकारीत अडकविणारा प्राचार्य आम्हांस तरी दुसरा ठाऊक नाही. खाशाबांच्या पदकाची हकीगत सांगताना लोक या गोष्टीचा ओझरता उल्लेख करून पुढे जातात. आमच्या मते निम्मे पदक तेथेच मिळाले.

सन १९५२ च्या जुलै महिन्यात हेलसिंकीच्या मेस्सुहाल्ली या सभागृहात कुस्त्या झाल्या. खाशाबांनी कॅनडाचा आद्रिएन पोलिकाँ, मेक्सिकोचा लिओनार्दो बासुर्तो आणि जर्मनीचा फर्डिनांड श्मिट्झ अशा तिघांवर विजय मिळविला. अंतिम टप्प्यात रशियाचा रशीद मामेदबेयॉव्ह आणि जपानचा शोहाची इशी यांच्याशी गाठ पडली. इशी हे मूळचे ज्युडोचे अभ्यासक. पुढे सुवर्णपदक त्यांनाच मिळाले. या दोन कुस्त्यांच्या मधे नियमाप्रमाणे मिळावयाची अर्ध्या तासाची विश्रांती खाशाबांना मिळाली नाही, आणि त्यांच्या वतीने भांडावयास कोणी भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता, असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. थकलेल्या देहाने ते दोन्ही कुस्त्या हरले. ब्राँझपदक त्यांच्या गळ्यात पडले. त्याच स्पर्धेत कोल्हापूरचेच केशव मांगवे ६२ किलोच्या गटात चौथे आले, आणि थोडक्यात त्यांचे पदक हुकले. त्यांचेही स्मरण येथे करणे उचित होय.

परतल्यावर कराडला १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. स्थानकापासून गोळेश्वरपर्यंतची पाव तासाची वाट त्या दिवशी सात तासांत संपली, असे जुने लोक सांगत. ढोल-ताशे आणि गुलाल ओसरल्यावर खाशाबांनी पहिले काम हाती घेतले ते ऋणमुक्तीचे. कोल्हापुरात त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरविली, स्वतः त्यांत लढले, आणि जमलेल्या पैशातून खर्डेकरांचे घर सोडवून दिले. ऑलिंपिकवीर म्हणून मिरवावयाच्या दिवसांत त्यांनी गुरूच्या घराचे गहाणखत फेडले.

सन १९५५ मध्ये ते मुंबई पोलीस दलात फौजदार म्हणून रुजू झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ ची मेलबोर्नची स्पर्धा हुकली. पुढील नोकरीचा काळ आम्ही थोडक्यात आटोपतो, कारण तो फारसा अभिमानाने सांगावा असा नाही. पोलीस दलातील स्पर्धा त्यांनी गाजविल्या, तरुणांना शिकविले. पण बढती फार उशिरा, निवृत्तीच्या तोंडावर मिळाली आणि ते साहाय्यक पोलीस आयुक्त झाले. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. सन १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या वेळी मशालवाहकांत त्यांचा समावेश करण्यात आला, एवढाच काय तो त्या काळातला मान. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्यानंतर भारताला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळावयास १९९६ साल उजाडावे लागले, आणि कुस्तीतील दुसरे पदक तर २००८ साली बीजिंगला मिळाले. शासनाला जाग आली ती त्याच सुमारास. मरणोत्तर अर्जुन पुरस्कार त्यांना जाहीर झाला तेव्हा हेलसिंकीच्या पदकाला जवळजवळ पन्नास वर्षे लोटली होती. सन २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी सिद्ध केलेल्या कुस्तीच्या क्रीडागृहास खाशाबांचे नाव देण्यात आले. तेथील कुस्त्या अर्थातच मॅटवर झाल्या.