कादंबरीकार हरिभाऊ आपटे

आज वाचनालयात गेले की कादंबऱ्यांची कपाटेच्या कपाटे भरलेली दिसतात. परंतु दीडशे वर्षांपूर्वी तशी स्थिती नव्हती. त्या वेळच्या बहुतेक कादंबऱ्यांत राजपुत्र, राजकन्या आणि अद्भुत योगायोग यांचीच रेलचेल असे. आपल्यासारख्यांचे घर, त्या घरातली चूल, माजघर, सासुरवास हे कादंबरीत यावे असे फारच थोड्यांना वाटले. ते ज्यांनी मनावर घेऊन केले, त्या कै. हरि नारायण आपटे यांचे चरित्र मंडळाच्या भगिनींपुढे थोडक्यात ठेवीत आहे. मी काही विदुषी नाही. सातवीपर्यंतचे शिक्षण आणि दुपारचे वाचन एवढीच माझी शिदोरी. चुकले तर सांभाळून घ्यावे.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशात पारोळे येथे झाला. लहानपणीच आई गेली. त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे हे मुंबईस हायकोर्टात वकील होते. त्यांनीच हरिभाऊंना वाढवले. १८७८ साली मंडळी पुण्यास आली. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये चिपळूणकर, टिळक, आगरकर असे गुरू लाभले. १८८२ साली विष्णुशास्त्री वारले तेव्हा अठरा वर्षांच्या या विद्यार्थ्याने त्यांच्यावर विलापिका लिहिली. पुढे खुद्द आगरकरांच्या पुस्तकावरही त्यांनी सविस्तर टीका लिहिली. गुरूविषयी आदर ठेवूनही आपले मत सांगता येते, हे त्यांना त्या वयातच उमगले होते.

कॉलेजात मात्र गणित आडवे आले आणि बी. ए. ची पदवी मिळाली नाही. ज्या घरात मुलगा नापास झाला की सुतक पडल्यासारखे होते, त्या घरातील आयांनी हे जरूर लक्षात ठेवावे. १८८५ साली, एकविसाव्या वर्षी, त्यांची ‘मधली स्थिती’ ही पहिली कादंबरी ‘पुणे वैभव’ पत्रातून येऊ लागली. १८८८ साली चुलत्यांनी पुण्यात आनंदाश्रम ही संस्था काढली. जुन्या संस्कृत पोथ्या जमवाव्यात आणि छापाव्यात, हा तिचा हेतू होता. तिची व्यवस्था हरिभाऊंनी जन्मभर पाहिली.

१८९० साली त्यांनी ‘करमणूक’ नावाचे साप्ताहिक सुरू केले. त्या वेळी पुण्यात ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांच्यात सुधारणेवरून कडाक्याचे वाद चालत. हरिभाऊंनी वादाचा मार्ग धरला नाही. जे सांगायचे ते गोष्टीतून सांगायचे, म्हणजे ते माजघरापर्यंत पोहोचते, असा त्यांचा विचार दिसतो. घरात एखादीलाच वाचता येई; ती वाची आणि बाकीच्या कामे करता करता ऐकत.

लेखकाला हे काम सोपे नव्हे. आठवडा उजाडला की मजकूर हवाच. घरी आजारपण असो की संस्थेची कामे असोत, अंक थांबत नाही. रोजचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला ही ओढाताण वेगळी सांगायला नको. अशी सुमारे सत्तावीस वर्षे त्यांनी काढली. त्यांच्या बऱ्याच कादंबऱ्या प्रथम अशा हप्त्याहप्त्याने आल्या आणि मग पुस्तकरूपाने निघाल्या. म्हणून त्यांत पाल्हाळ आहे, आणि ‘गणपतराव’, ‘आजच’, ‘कर्मयोग’ यांसारख्या काही अपुऱ्याच राहिल्या. पण माणसे अशी जिवंत की पुढच्या अंकाची वाट पाहावी.

‘करमणुकी’तूनच ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी आली. यमू नावाची मुलगी आपली हकीकत आपणच सांगते. तिचे लहानपण, लग्न, सासर, मग मुंबईस नवऱ्याच्या संगतीत लाभलेले वाचनाचे व मोकळेपणाचे चार दिवस, आणि नंतर वैधव्य. सासरची माणसे तिचे केशवपन करवतात. तिची मैत्रीण दुर्गी हिची नवऱ्याच्या हातून झालेली दैना वाचताना तर डोळ्यांचे पाणी खळत नाही. एका पुरुषाला हे सारे इतके बारकाईने कसे कळले? घरातल्या बायकांची बोलणी त्यांनी कान देऊन ऐकली असली पाहिजेत. पुष्कळ पुरुष ती ऐकतात, पण ऐकून सोडून देतात.

माझ्या आजीची एक आत्या लाल आलवणात होती. मुलांना तिची भीती वाटे आणि मोठी माणसे तिच्या हातून पापड-कुरडया करून घेत. ती कधी काही बोलली नाही, असे आजी सांगे. ही कादंबरी वाचली तेव्हा मला वाटले की तिच्या वाटचे यमूच बोलली.

‘मी’ या कादंबरीत त्यांनी देशसेवेला वाहून घेणारा भावानंद रंगवला. ‘उषःकाल’मध्ये शिवकाल उभा केला, तर ‘वज्राघात’मध्ये विजयनगरचा नाश. ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही दुष्काळावरची गोष्ट लहान असली तरी विसरता येत नाही.

काशीबाई कानिटकर या आपल्या आरंभीच्या लेखिका. त्यांचा व हरिभाऊंचा स्नेह होता. लेखनाविषयी दोघांत पत्रव्यवहार चाले. स्त्रीशी बरोबरीच्या नात्याने साहित्याची चर्चा करणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. हरिभाऊंच्या मागे काशीबाईंनी ती पत्रे प्रसिद्ध केली.

१९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. पुणे नगरपालिकेचेही ते अध्यक्ष झाले. ३ मार्च १९१९ रोजी, वयाची पंचावन्न वर्षे पुरी व्हायला पाच दिवस उरले असताना, ते वारले.

केशवपनाची चाल आता गेली. पण घरात एखादी मुकाट्याने सोसत असते आणि बाकीच्यांना ते दिसत नाही, असे अजूनही होते. सोसणाऱ्या बाईचे ऐकणारी कुणीतरी असावी, यासाठीच आपण मंडळात जमतो. हळदीकुंकू आणि भिशी यांच्याबरोबर हेही काम आपलेच आहे. भगिनींनी हरिभाऊंची ही कादंबरी जरूर वाचावी, आणि ज्यांना डोळ्यांनी वाचवत नाही त्या वडीलधाऱ्या बायकांना वाचून दाखवावी.