समजून घ्या : १,३०० वर्षांपूर्वी दख्खनमध्ये आलेल्या कोरियन भिक्खूने काय पाहिलं, काय लिहिलं?

राहाता : कोरियन मालिका आता गावोगावच्या मोबाइलवर पोहोचल्या आहेत. कोरियन लोक परंपरेने बुटकं टेबल मांडून जमिनीवर बसून जेवत, वयाने मोठ्या माणसापुढे वाकतात, प्रत्येक घासाला काहीतरी आंबवलेलं खातात, हे आपल्याकडच्या कॉलेजच्या मुलांना पाठ आहे. पण कोरियन माणूस आपल्याकडे आला, तर त्याला आपल्या सवयी कशा दिसतील? याचं एक उत्तर तब्बल १,३०० वर्षं जुनं आहे. हे उत्तर लिहिणाऱ्या भिक्खूचं नाव हेचो.

कोण होता हेचो?

हेचोचा जन्म इ. स. ७०४ च्या सुमारास सिल्ला राज्यात झाला. आजच्या कोरियाचा मोठा भाग तेव्हा सिल्लाच्या ताब्यात होता. हेचो लहान वयातच चीनला गेला. तिथे त्याला वज्रबोधी हे गुरू भेटले. ते दक्षिण भारतातून समुद्रमार्गे चीनला पोहोचलेले बौद्ध आचार्य होते. म्हणजे भारत पाहण्याआधीच हेचोची एका भारतीयाशी ओळख झाली होती.

इ. स. ७२३ च्या सुमारास तो जहाजाने भारताकडे निघाला. तेव्हा त्याचं वय विशीच्या आसपास होतं. पूर्व किनाऱ्यावर उतरून त्याने कुशीनगर, सारनाथ, राजगीर अशी बुद्धाशी जोडलेली ठिकाणं पाहिली. मग तो दक्षिणेकडे वळला.

तो महाराष्ट्रात आला होता का?

मध्य भारतातून तीन महिन्यांहून जास्त प्रवास करून आपण दक्षिणेच्या राजाच्या मुक्कामी पोहोचलो, असं तो नोंदवतो. राजाचं नाव तो देत नाही. पण त्या वर्षांत दख्खनवर बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं आणि विजयादित्य गादीवर होता. आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग याच राज्यात होता. त्याच्या ८० वर्षं आधी चिनी प्रवासी ह्युएन त्संगही याच मुलखातून गेला होता.

राजाकडे ८०० हत्ती आहेत, इथे मध्य भारतापेक्षा ऊन जास्त आहे, कपडे आणि खाणंपिणं तिकडच्यासारखंच आहे, फक्त बोली थोडी वेगळी आहे, अशा हेचोच्या नोंदी आहेत. सुती कापड, म्हशी आणि गाई-बैल भरपूर, मेंढ्या थोड्या, उंट आणि गाढवं नाहीत, रेशीम तर भारतात कुठेच नाही, असंही तो लिहितो.

डोंगर कोरून केलेला तीन मजली विहारही त्याने नोंदवला आहे. नागार्जुनाच्या काळात तिथे ३,००० भिक्खू राहत, पण आपल्या वेळी तो ओस पडला होता, असं तो सांगतो. इथे अनेकांना वेरूळचं १२ क्रमांकाचं लेणं, म्हणजे ‘तीन ताल’ आठवेल. तेही तीन मजली आहे. मात्र ते साधारण हेचोच्याच शतकातलं असल्याने, त्याने सांगितलेला जुना, ओस विहार हाच असेल असं म्हणता येत नाही.

ताटात काय दिसलं?

भारतातलं जेवण म्हणजे भात, भाकरी-पोळीसारखे प्रकार, भाजलेल्या धान्याचं पीठ, तूप, दूध आणि दही, असं हेचोने लिहिलं. त्यापुढे त्याने तीन गोष्टी नोंदवल्या. इथे मीठ आहे, पण आंबवलेला रस्सा नाही. भात मातीच्या भांड्यात शिजतो. लोखंडी हंडा कुठेच नाही.

या नोंदी आपल्याबद्दल जितकं सांगतात, तितकंच कोरियाबद्दलही सांगतात. सोयाबीन आंबवून केलेलं ‘जांग’ हा कोरियन स्वयंपाकाचा पाया. इ. स. ६८३ मध्ये सिल्लाच्या राजाच्या लग्नात वधूकडे पाठवलेल्या वस्तूंमध्येही जांग होतं, अशी नोंद कोरियाच्या जुन्या इतिहासग्रंथात आहे. चुलीवरचा मोठा लोखंडी हंडा हीसुद्धा जुन्या कोरियन घराची खूण. जे घरी रोज दिसत होतं, ते इथे दिसलं नाही, म्हणूनच हेचोने ते लिहिलं.

दक्षिणेत भातशेती आहे, पण राळ्यासारखी बारीक धान्यं नाहीत, असंही त्याने लिहिलं. राळा, वरी पिकवणाऱ्या आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे पटणार नाही. एका वाटेने गेलेल्या माणसाला त्या वाटेवरचंच दिसतं. त्यामुळे हेचो वाचताना हे भान ठेवायला हवं.

माणसं कशी वाटली?

राजाच्या दरबाराचं त्याचं वर्णन वाचण्यासारखं आहे. ते मध्य भारताबद्दलचं आहे. लोक राजाभोवती चारही बाजूंनी बसतात, आपापली बाजू मांडत मोठमोठ्याने भांडतात, प्रचंड गोंधळ होतो. राजा चिडत नाही. ऐकून घेतो आणि शांतपणे कोण बरोबर, कोण चूक ते सांगतो. तो शब्द अखेरचा. आपल्याकडची ग्रामसभा पाहिलेल्यांना यातला पहिला भाग ओळखीचा वाटेल!

देशात तुरुंग नाहीत, गुन्ह्यानुसार दंड होतो, असं तो म्हणतो. वाटेत चोर पुष्कळ आहेत, पण ऐवज दिला की सोडून देतात, जीव घेत नाहीत. ऐवजाला चिकटून बसणाऱ्यालाच इजा होते, असंही त्याने लिहिलं आहे. हे चित्र जरा जास्तच गोड वाटू शकतं. पण गरीब फार आणि श्रीमंत थोडे, हेही त्याच्या नजरेतून सुटलं नाही. श्रीमंताच्या अंगावर सुती कापडाचे दोन तुकडे, साध्या माणसाच्या अंगावर एक आणि गरिबाकडे अर्धाच, असा हिशेब त्याने मांडला.

घरची आठवण

हेचोच्या प्रवासवर्णनात मध्ये मध्ये कविता आहेत. त्यातली एक दक्षिण भारतात असताना लिहिलेली, घराच्या आठवणीची आहे. पुढे उत्तरेत त्याला एका चिनी भिक्खूची हकीकत कळली. तो भारतात शिकून मायदेशी परतायच्या तयारीत होता आणि आजारी पडून इथेच गेला. हेचोने त्याच्यावरही शोककविता लिहिली.

स्वतः हेचो काश्मीर, गांधार, बामियान अशा वाटेने मध्य आशिया ओलांडून इ. स. ७२७ च्या अखेरीस चीनच्या पश्चिम टोकाला, कुचा इथे पोहोचला. पुढची पन्नासेक वर्षं तो चीनमध्येच राहिला. बौद्ध ग्रंथांवर काम केलं. गुरुबंधू अमोघवज्र यांनी ७७४ मध्ये केलेल्या मृत्युपत्रात प्रमुख शिष्यांमध्ये त्याचं नाव आहे. ७८० मध्ये तो वुताई पर्वतावर गेला आणि तिथेच त्याचा शेवट झाला. सिल्लाला तो कधीच परतला नाही.

वही सापडली कशी?

त्याचं पुस्तकही हरवलं होतं. १९०८ मध्ये फ्रेंच संशोधक पॉल पेलिओ यांना चीनमधल्या दुनहुआंगच्या गुहेत एक फाटकी गुंडाळी मिळाली. तिची सुरुवात आणि शेवट दोन्ही गायब होते. मजकुरावरून ती हेचोची असल्याचं त्यांनी ओळखलं. तो मूळचा सिल्लाचा होता, हे १९१५ मध्ये जपानी अभ्यासक ताकाकुसु यांनी दाखवून दिलं. आज ती गुंडाळी पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. डिसेंबर २०१० मध्ये ती प्रदर्शनासाठी सोलला नेण्यात आली, तेव्हा हेचोची अक्षरं पहिल्यांदा त्याच्या मायदेशी पोहोचली.

थोडक्यात काय?

राहाता-शिर्डीच्या रस्त्यावर आजही परदेशी पाहुणे दिसतात. आपण त्यांचे व्हिडिओ पाहतो आणि त्यांनी आपल्याबद्दल काय म्हटलं ते शोधतो. हेचो वाचल्यावर आणखी एक गोष्ट शोधावीशी वाटते. पाहुण्याला आपल्याकडे काय नाही असं वाटलं? त्या उत्तरात त्याचं घर दडलेलं असतं.