छापखाना घेऊन निघालेला माळी

आफ्रिकेतील मिशनकार्याचा विषय निघाला की डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचे नाव चटकन ओठांवर येते. त्यांचे सासरे रॉबर्ट मॉफट यांची आठवण मात्र क्वचितच काढली जाते. वास्तविक त्स्वाना लोकांच्या हाती त्यांच्या भाषेतील पवित्र शास्त्र आले, ते मॉफट यांच्या कष्टांमुळे.

मॉफट यांचा जन्म २१ डिसेंबर १७९५ रोजी स्कॉटलंडमधील ऑर्मिस्टन या गावी झाला. घरची स्थिती बेताची, शिक्षणही थोडेच. लहान वयातच ते बागकाम शिकले आणि माळी म्हणून नोकरी करू लागले. पुढे लंडन मिशनरी सोसायटीने त्यांना आफ्रिकेस पाठविले. १८१७ च्या जानेवारीत ते केपटाउनला उतरले. १८१९ साली मेरी स्मिथ यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि त्यानंतर दोघे उत्तरेकडे त्स्वाना लोकांमध्ये राहावयास गेले. १८२४ पासून कुरुमान येथे त्यांनी कायमचे ठाणे मांडले, पाट काढून पाणी आणले व बागा केल्या.

मात्र मुख्य अडचण भाषेची होती. दुभाष्याच्या तोंडून उपदेश करावा, तर भलताच अर्थ लोकांच्या कानी जाई. म्हणून १८२७ साली मॉफट घरदार सोडून काही आठवडे त्स्वाना लोकांच्याच वस्तीत जाऊन राहिले आणि त्यांच्याकडून सेत्स्वाना भाषा शिकले. दोन वर्षांनी, १८२९ साली, कुरुमानला पहिले बाप्तिस्मे झाले. आता नव्या विश्वासणाऱ्यांच्या हाती वाचावयास काय द्यावे, हा प्रश्न उभा राहिला.

लूककृत शुभवर्तमानाचे भाषांतर घेऊन मॉफट १८३० साली केपटाउनला गेले. तेथील सरकारी छापखाना वापरण्याची परवानगी मिळाली, पण ही भाषा जाणणारा कामगार एकही नव्हता. तेव्हा मॉफट व त्यांचे सहकारी रॉजर एडवर्ड्स यांनी स्वतःच खिळे जुळविण्याचे काम शिकून घेतले. भर उन्हाळ्यात पुस्तक छापून झाले आणि श्रमाने मॉफट अंथरुणाला खिळले. परतीच्या जहाजावर त्यांना गादीवरूनच उचलून न्यावे लागले.

त्यांच्याबरोबर आणखी एक ओझे निघाले होते. कुरुमानच्या कामासाठी मिळालेले हाताने चालवावयाचे मुद्रणयंत्र, खिळे, कागद आणि शाई! अल्गोआ उपसागरापर्यंत समुद्रमार्ग होता. पुढे कुरुमान सरळ रेषेत मोजले तरी सातशे किलोमीटरांहून दूर. त्या वाटेवर आगगाडी नव्हती, बांधलेली सडक नव्हती. बैलांच्या अनेक जोड्या जुंपलेल्या मोठ्या गाड्यांतून डोंगर, माळरान व नद्या ओलांडीत जावे लागे. नदीला पाणी असले की उतार मिळेपर्यंत काठावर मुक्काम. १८३१ च्या जूनमध्ये ते जड यंत्र कुरुमानला पोहोचले.

यंत्र चालू झाले तेव्हा पाहावयास गर्दी लोटली. पांढरा कागद आत जातो आणि क्षणात अक्षरांनी भरून बाहेर येतो, हे पाहून कित्येकांना ती जादूच वाटली. एक जण तर नुकताच छापलेला कागद घेऊन गावभर धावला आणि भेटेल त्याला तो दाखवीत सुटला. आपल्या बोलीला अक्षरे आहेत, हे त्या दिवशी त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

नव्या कराराचे भाषांतर पुरे झाले तेव्हा तो केपटाउनला छापून मिळेना. मग मॉफट इंग्लंडला गेले आणि १८४० साली तो लंडनला छापला गेला. त्याच मुक्कामात तरुण लिव्हिंग्स्टन यांची व त्यांची भेट झाली. जुना करार मात्र कुरुमानच्याच यंत्रावर भागाभागाने छापून १८५७ साली पूर्ण झाला. छपाईची बरीचशी जबाबदारी विल्यम ॲशटन यांनी वाहिली. हे भाषांतर निर्दोष नव्हते. मॉफट स्वतः ते सुधारीत राहिले, आणि त्यांच्यामागून इतरांनीही ते तपासले.

१८७० साली मॉफट दांपत्य मायदेशी परतले. पुढच्याच जानेवारीत मेरीबाई प्रभूकडे गेल्या. मॉफट यांनी ९ ऑगस्ट १८८३ रोजी देह ठेवला. ते यंत्र पुढे अनेक वर्षे किंबर्ली येथे होते. १९९६ साली ते पुन्हा कुरुमानला आणण्यात आले.

मॉफट यांनी आधी लोकांची भाषा शिकून घेतली, मग भाषांतर केले, आणि यंत्र आले ते त्यानंतर. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आज आपल्या संडेस्कूलांना छापील धडे, चित्रे व पुस्तके सहज मिळतात. परंतु समोर बसलेले मूल कोणत्या भाषेत विचार करते, घरी काय बोलते, हे शिक्षकाने स्वतः त्याच्याजवळ बसूनच शिकावे लागते. सीमाभागात व परप्रांतात वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. तेवढे कष्ट घेण्याची बुद्धी प्रभू आपणांस देवो.