आठ रुपयांचे ऋण

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव निघाले की कौन्सिलातील अंदाजपत्रकावरची त्यांची भाषणे, १९०५ सालच्या बनारस काँग्रेसचे अध्यक्षपद आणि महात्माजींनी त्यांना दिलेले गुरुस्थान, एवढ्या गोष्टी आपण न चुकता सांगतो. परंतु त्यांच्या थोरल्या भावाचे नाव काय, असे भर सभेत विचारले तर फारसे हात वर होतील असे वाटत नाही. मला आज त्या भावाविषयीच लिहावयाचे आहे. त्याला कारण घरगुती आहे. आमचे वडील गेले तेव्हा माझ्या थोरल्या बंधूंनी शाळा सोडली आणि येथल्याच एका गिरणीच्या कचेरीत कारकुनी धरली. त्या पगारावर मी पदवीधर झालो. म्हणून गोखल्यांचे चरित्र हाती घेतले की गोविंदरावांपाशी मी थांबतो.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. कोकणातील जमिनीवर कुटुंबाचा निभाव लागणे कठीण. तेव्हा वडील कृष्णराव यांनी घाट चढून कोल्हापूर संस्थानातील कागल जहागिरीत नोकरी पत्करली. आधी कारकून, पुढे फौजदार, अशी त्यांची चढती झाली. आई सत्यभामाबाई ओकांच्या घरातल्या. दोन मुलगे, चार मुली, बेताची मिळकत आणि सचोटीचा लौकिक, एवढाच त्या घरचा ऐवज.

१८७९ साली कृष्णराव वारले. गोविंदराव तेव्हा अठरा वर्षांचे आणि गोपाळ तेरा वर्षांचा. दोघेही कोल्हापुरास शिकत होते. घरात एकालाच पुढे शिकता येणार होते, आणि कोणी थांबायचे हे थोरल्याने ठरविले. गोविंदरावांनी पुस्तके मिटली व कागलास दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली. त्यातले ८ रुपये ते कोल्हापुरास धाकट्या भावाला पाठवीत. उरलेल्या ७ रुपयांत बाकीच्या सगळ्यांचा संसार चाले.

ते ८ रुपये गोपाळाने कसे जपले याच्या आठवणी प्रसिद्ध आहेत. तो हाताने स्वयंपाक करी. एकदा एका सोबत्याने त्याला नाटकाला नेले. आपल्याला फुकट नेले अशी गोपाळाची समजूत. पण सोबत्याने मागाहून तिकिटाचे दोन आणे मागितले. भावाकडे जादा मागण्याचे मन होईना. तेव्हा त्याने खोलीतला दिवा लावणे बंद केले आणि वाचलेल्या तेलाच्या पैशांतून ते देणे फेडले. तेवढे दिवस अभ्यास रस्त्यावरच्या कंदिलाखाली झाला, असे सांगतात. ही गोष्ट आपण मुलांना चिकाटीचा धडा म्हणून सांगतो. मला तीत भावाच्या घामाचा धाक दिसतो.

१८८१ साली गोपाळ मॅट्रिक झाला. आता त्यानेही नोकरी धरावी, म्हणजे घराचा भार हलका होईल, हा विचार त्याच्याही मनात होता. पण गोविंदरावांनी ऐकले नाही. वहिनींनी तर अंगावरचे दागिने मोडून कॉलेजचा खर्च भागवावा, अशी तयारी दाखविली. त्या माऊलीचे नाव किती जणांना ठाऊक असेल? कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज असा प्रवास करीत १८८४ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, गोपाळराव बी. ए. झाले. शेवटी शेवटी २० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा भावाला थोडी उसंत मिळाली.

त्या काळी पदवीधराला सरकारी नोकरी होती, वकिली होती. हाल सोसलेल्या घराने सुखाची आस धरावी यात वावगे काय? पण गोपाळरावांनी पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ३५ रुपयांवर मास्तरकी धरली, आणि पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद होऊन ७५ रुपयांवर स्वतःला बांधून घेतले. गोविंदरावांनी पेरलेल्या पिकाची रास अशी दुसऱ्याच्या खळ्यात पडली. तरी भावाभावांत अंतर आले नाही. हाती चार पैसे येऊ लागल्यापासून गोपाळरावांनी भावाच्या कुटुंबाला मदत केली, आणि गोविंदरावांच्या मागे त्यांच्या मुलाबाळांचा भार आपला मानला.

घराचे ऋण नेहमी गोडच असते असे नाही, हेही लिहिले पाहिजे. पहिल्या पत्नी सावित्रीबाई यांना कोड असल्याने, त्या हयात असतानाच, १८८७ साली वडीलधाऱ्यांच्या आग्रहाखातर गोपाळरावांनी दुसरे लग्न केले. समाजसुधारणेचा कैवार घेणाऱ्या या पुरुषाला त्याबद्दल बोल ऐकावे लागले, आणि ते अन्यायाचे होते असे म्हणवत नाही. ज्यांच्या घासावर आपण वाढलो त्यांना नाही म्हणण्याचे बळ त्यांना झाले नाही. दुसऱ्या पत्नीही पुढे लवकर वारल्या. काशीबाई आणि गोदूबाई या दोन मुली मागे राहिल्या. गोपाळरावांनी पुन्हा लग्न केले नाही.

आता आमच्या बडोद्याशी या कथेचा धागा कोठे जुळतो ते सांगतो. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला व १९०६ साली तो साऱ्या राज्यात लागू केला. गोखल्यांनी कलकत्त्याच्या कौन्सिलात हाच दाखला पुढे केला: एका देशी संस्थानाला जे साधले, ते बलाढ्य सरकारला का साधू नये? १९११ साली त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. ज्या पालकाचे उत्पन्न दरमहा १० रुपयांहून अधिक नाही, त्याच्याकडून फी घेऊ नये, असे कलम त्यात होते. हा आकडा त्यांनी कोणत्या हिशेबाने घातला असेल तो असो. पण ७ रुपयांत घर कसे चालते हे त्या सभागृहात त्यांच्याइतके क्वचितच कोणाला माहीत असेल. १९ मार्च १९१२ रोजी ३८ विरुद्ध १३ मतांनी विधेयक नामंजूर झाले. तीन वर्षांनी, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गोखले गेले. शिक्षण हा मुलांचा हक्क असे सांगणारा कायदा देशात २००९ साली संमत झाला.

प्रत्येक गोपाळाला गोविंदराव लाभतोच असे नाही, आणि कोणाही गोविंदरावाला पुस्तके मिटावी लागू नयेत, एवढेच त्या विधेयकाचे सार मला वाटते. माझे बंधू अखेरपर्यंत मला म्हणत की त्यांना अभ्यासाची आवडच नव्हती. त्यांच्या मागे त्यांची पेटी उघडली तेव्हा तळाशी त्यांच्या शेवटच्या इयत्तेची गणिताची वही निघाली, नीट कागदात गुंडाळलेली. ती मी अजून जपून ठेवली आहे.