चित्रातले विमान आणि जे. आर. डी. टाटा
(इयत्ता ४ थी)

मागच्या महिन्यात याच भिंतीवर मी एक विमान काढले होते. खाली लिहिले होते, कराची ते मुंबई, १९३२. त्याला मी एकावर एक असे दुमजली पंख काढले. वर्गातला माझा मित्र म्हणाला हे चूक आहे. मी त्याच्याशी भांडलो आणि दोन दिवस बोललोच नाही. मग गुरुजींनी जुन्या विमानांची चित्रे दाखवली. चूक माझीच होती. म्हणून पुन्हा लिहितो.

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. त्यांची आई फ्रेंच होती. तिकडे समुद्रकाठी त्यांच्या घराजवळ ब्लेरिओ या वैमानिकाचे घर होते. १९०९ साली विमानाने इंग्लिश खाडी पहिल्यांदा ओलांडली तो हाच. तेव्हापासून जहांगीरला विमानाचे वेड लागले. आमच्या शिवारावरून विमान जाते तेव्हा नुसती पांढरी रेघ दिसते, तरी आम्ही मान दुखेपर्यंत पाहतो!

१० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना विमान चालवायचा परवाना मिळाला. भारतात दिलेला तो पहिला, नंबर १.

१९३० साली भारत आणि इंग्लंड यांच्यामध्ये एकट्याने उडायची शर्यत लागली. जे.आर.डी. कराचीहून निघाले आणि अस्पी इंजिनिअर हा तरुण पोरगा इंग्लंडहून. वाटेत इजिप्त देशात अबूकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पीचे विमान प्लगवाचून अडले होते. फटफटीला असतो ना, तसाच प्लग. जे.आर.डीं.नी आपल्याजवळचे प्लग त्याला देऊन टाकले. शर्यत अस्पीने काही तासांनी जिंकली. खरं सांगतो, मी दिले नसते. अस्पी पुढे हवाई दलाचे प्रमुख झाले.

शर्यतीतले जे.आर.डीं.चे विमान जिप्सी मॉथ. दुमजली पंख, बसायची जागा उघडी. मी काढले ते हेच! १९३२ चे विमान पस मॉथ. त्याचा पंख एकमजली, डोक्यावर, आणि बसायला बंद खोली.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते सकाळी कराचीहून टपाल घेऊन निघाले. वायरलेस नव्हता. अहमदाबादला पेट्रोलचे डबे चक्क बैलगाडीतून आले. दुपारी ते मुंबईत जुहूला उतरले. त्याच टपालसेवेची १९४६ साली एअर इंडिया झाली.

अजून एक चित्र होते. पंख एकमजलीच, पण जवळ पांढऱ्या केसांचे आजोबा. ते १९८२ साल. पन्नास वर्षे झाली म्हणून ७८ वर्षांचे जे.आर.डी. लेपर्ड मॉथ विमानातून तीच वाट पुन्हा एकटे उडाले. १९९२ साली त्यांना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे ते वारले.

नवे चित्र खाली चिकटवले आहे. पंख मोजून पाहा. बैलगाडी माझ्या त्या मित्राने काढली, मला बैलाचे पाय जमत नाहीत.