एड रॉबर्ट्‌स : आपल्या घराचा कारभारी
कॅलिफोर्नियातल्या एड रॉबर्ट्‌सला १९५३ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी पोलिओ झाला. मानेखालचे शरीर जवळजवळ लुळे पडले. झोपताना श्वासासाठी अवजड लोखंडी यंत्र लागे. आई झोनाने त्याला जपले, पण घरात अडकवले नाही. १९६२ मध्ये तो बर्कलीच्या विद्यापीठात गेला. यंत्र वसतिगृहात मावेना, म्हणून विद्यापीठाच्या कॉवेल रुग्णालयात राहिला. खोली रुग्णालयातली, राहणे मात्र विद्यार्थ्याचे! मदतनिसांनी काय करायचे, हे तोच ठरवी. पाठोपाठ आणखी अपंग विद्यार्थी आले. १९७२ मध्ये या मंडळींच्या धडपडीतून बर्कलीत स्वतंत्र जीवन केंद्र उभे राहिले. सोयीचे घर, मदतनीस, चाकांच्या खुर्चीची दुरुस्ती, सारे तिथे मिळू लागले. १९९५ मध्ये एड गेला. घर चालवायला हातपाय हललेच पाहिजेत असे नाही. निर्णय तेवढा आपला हवा, हे तो जगून दाखवून गेला.