रंग न ओळखणारा चित्रकार आणि लोखंडातलं नाव

कुठल्याही कंपनीने लोगो बदलला की दोन दिवस आपण सगळेच कलासमीक्षक होतो. जुनाच बरा होता, नव्यात दम नाही, रंग फिका झालाय, अक्षरं बारीक झालीत... मेसच्या टेबलापासून स्टाफरूमपर्यंत हीच चर्चा. 2004 साली बजाज ऑटोने वर्षानुवर्षांचा षट्कोन सोडून नवं चिन्ह घेतलं, तेव्हाही झाली. 2008 साली गोदरेजने आपली ती ओळखीची सही तशीच ठेवून तिला वेगवेगळे रंग दिले, तेव्हाही झाली. अमेरिकेतल्या गॅप या कपड्यांच्या कंपनीने तर 2010 मध्ये नवा लोगो आणला आणि लोकांची ओरड ऐकून आठवड्याभरात मागे घेतला!

जुलै 2021 मध्ये किर्लोस्कर नावाच्या काही कंपन्यांनी नवं बोधचिन्ह आणि नवे रंग जाहीर केले. किर्लोस्कर ब्रदर्स ही कंपनी त्यात नव्हती, आणि या नावाचा जुना वारसा कोणी कसा सांगायचा यावरून वादही झाला. त्या वादात मी पडणार नाही. पण एक प्रश्न मात्र डोक्यातून जात नाही : नवा लोगो जुन्यापेक्षा चांगला आहे की नाही, हे ठरवायचं कशावर? उत्तर शोधताना मला आपल्याच भागातला एक माणूस सापडला. त्याला रंग नीट ओळखताच येत नव्हते. तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, या बाबतीत त्याच्याइतका चांगला परीक्षक मला दुसरा दिसत नाही. त्यांचं नाव लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी झाला. संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे. लक्ष्मणरावांचं शाळेत फारसं लक्ष नव्हतं. चित्रं काढायची आणि यंत्रं खोलून बघायची, हे दोनच नाद. 1885 साली ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पण पुढे लक्षात आलं की त्यांना रंगांधळेपणा आहे. चित्रकार व्हायला निघालेल्या पोराला यापेक्षा मोठा फटका कुठला असणार? आपल्यापैकी कित्येक जण पहिल्या एटीकेटीलाच मान टाकतात. इथे तर सगळी वाटच बंद झाली होती.

त्यांनी चित्रकला सोडली, पण रेषा सोडली नाही. यांत्रिक ड्रॉइंग शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, तोच विषय शिकवू लागले. ड्रॉइंग शीटवर रंगाला काही किंमत नसते हे आपल्याला सेमिस्टर पहिलंच शिकवतं. तिथे रेषा, आकार आणि मापं बोलतात. बढतीची पाळी आली तेव्हा मात्र ती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावला परतले. तिथे थोरले बंधू रामुअण्णा यांच्यासोबत 1888 मध्ये सुरू केलेलं सायकलचं दुकान होतं. बेळगावात आजही किर्लोस्कर रोड आहे.

सायकलीवरून ते शेतीच्या अवजारांकडे वळले. आधी कडबा कापण्याचं यंत्र आणि मग 1903 मध्ये लोखंडी नांगर. इथून खरी गोष्ट सुरू होते. नांगर तयार झाला, पण घेणार कोण? लोखंडाच्या फाळाने जमिनीत विष भिनतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती. लाकडी नांगर बापजाद्यांपासून चालत आलेला. पहिला नांगर विकायला जवळजवळ दोन वर्षं गेली!

आता विचार करा. आजच्या एखाद्या कंपनीचा माल दोन वर्षं पडून राहिला असता तर काय झालं असतं? मीटिंग झाली असती, सल्लागार आले असते आणि नवा लोगो ठरला असता. लक्ष्मणरावांच्या हातात तर चित्रकलेचं शिक्षण होतं. एखादं झकपक चिन्ह काढणं त्यांना अवघड नव्हतं. पण शेतकऱ्याची शंका चिन्हाबद्दल नव्हती, फाळाबद्दल होती. त्यामुळे कष्ट घ्यायचे ते नांगरावरच. नांगर आपल्या काळ्या जमिनीत चालला, बैलांना ओढवला, हळूहळू खपू लागला आणि मग त्याच्यामागून नावही खपू लागलं. मला वाटतं, लोगोच्या सगळ्या शास्त्रातला पहिला धडा हाच आहे. चिन्हाला स्वतःची पत नसते, ती मालाकडून उसनी आलेली असते.

बेळगावात जम बसतोय तोवर नवं संकट आलं. शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा सोडावी लागणार असं ठरलं. नेमके त्याच सुमारास लक्ष्मणराव औंधला मंदिराच्या मंडपाचं काम करत होते. औंध आज सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात आहे. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः उत्तम चित्रकार. सूर्यनमस्काराचा प्रसार केला तेच हे राजे. एक चित्रकार राजा आणि एक रंग न दिसणारा चित्रकार, अशी ही जोडी जमली. बाळासाहेबांनी लक्ष्मणरावांना आपल्या संस्थानातल्या कुंडलजवळ 32 एकर जमीन दिली आणि 10,000 रुपये बिनव्याजी. कुंडल रोड रेल्वे स्टेशनाला लागून असलेला हा माळ निवडुंगाने भरलेला आणि सापांचं माहेरघर. 1910 साली तिथे कामगार आपापली कुटुंबं घेऊन राहायला आले आणि किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. सोवळंओवळं, शिवाशिव या गोष्टींना वाडीत जागा नव्हती. त्या काळात हे नांगर विकण्याहून अवघड काम होतं.

आज किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात येते. कराडहून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीने प्रवास करणाऱ्यांनी ते स्टेशन पाहिलेलं असेलच. स्टेशनाचं नाव मात्र आता कुंडल रोड नाही, किर्लोस्करवाडी आहे. ही पण एक प्रकारची लोगोची अदलाबदलच की! पण इथे कोणी खळखळ केल्याचं मी ऐकलेलं नाही. कारण आधी माळाचं गाव झालं आणि मग पाटी बदलली.

असंच दुसरं उदाहरण. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव चित्रकला शिकलेले होते. त्यांनी 1920 मध्ये 'किर्लोस्कर खबर' नावाचं कारखान्याचं पत्रक सुरू केलं. कारखान्याच्या बातम्या, मालाची माहिती, असा मामला. हळूहळू त्यात इतके विषय आले की ते अख्ख्या महाराष्ट्राचं मासिक झालं. 1929 मध्ये नावातली 'खबर' गेली आणि नुसतं 'किर्लोस्कर' उरलं. हे नवं नाव जुन्यापेक्षा सरस ठरलं, कारण आतला मजकूर आधीच त्या नावाच्या मापाचा झाला होता. तेव्हा बदल वाईटच, असं माझं म्हणणं मुळीच नाही. आधी वस्तू बदलावी, पाठोपाठ चिन्ह. क्रम उलटा झाला की गडबड होते.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर ओतले गेले. 1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड स्थापन झाली. पुढे पंप आले, इंजिनं आली. 1948 मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही सापडला. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी लक्ष्मणरावांना आपली उभी हयात अशी जळालेली कळली. पण कारखाना पुन्हा सुरू झाला. 26 सप्टेंबर 1956 रोजी ते गेले. 1969 मध्ये, जन्मशताब्दीला, पोस्टाने त्यांचं तिकीट काढलं.

आता पुन्हा आपल्या प्रश्नाकडे. मेकॅनिकलचा विद्यार्थी म्हणून मला एक साधी कसोटी सुचते. आपल्याकडच्या विहिरींवर जुने किर्लोस्कर पंप मी पाहिलेत. रंग कधीच उडालेला, वर गंज आणि शेवाळ. तरी बॉडीवरची उठावाची अक्षरं बोट फिरवून वाचता येतात. फाउंड्रीच्या प्रॅक्टिकलला बसलेल्यांना ठाऊक आहे की पॅटर्नवर अक्षर बसवायचं म्हणजे काय भानगड असते. रेषा फार बारीक असेल तर लोखंड तिथवर पोचत नाही. कड सरळ उभी असेल, ड्राफ्ट दिलेला नसेल, तर पॅटर्न काढताना वाळूचा साचा ढासळतो. अणकुचीदार कोपरा नीट उतरत नाही. आणि रंगाचा तर प्रश्नच नाही. ओतीव लोखंडाला एकच रंग. म्हणजे जे अक्षर ओतकामातून सहीसलामत बाहेर पडतं, ते ठसठशीत आणि साधंच असतं.

आजचे कितीतरी नवे लोगो स्क्रीनवर झकास दिसतात, पण झेरॉक्स काढली की ओळख संपते. छटा गेल्या की जीव गेला! स्क्रीनच्या जमान्यात लोगो पंपावर ओतायचा नसतो, मोबाईलवर दाखवायचा असतो, हे मला मान्य आहे. तिथे जुनं नक्षीदार चिन्ह बारीक आकारात गिचमिड होतं, म्हणून ते सोपं करावंच लागतं. तो बदल कामासाठी आहे, त्यामुळे तो सुधारणाच आहे. पण निव्वळ आम्ही बदललो हे सांगण्यासाठी रंग बदलायचा, आणि माल मात्र तोच, तर रंग न ओळखणाऱ्या लक्ष्मणरावांना त्यात काहीच फरक दिसला नसता. विहिरीवरच्या शेतकऱ्यालाही दिसत नाही. तो विचारतो एवढंच, की पाणी किती फेकतो?

मंडळी, आपणही लवकरच बाजारात उतरणार आहोत. बायोडेटाचा फॉन्ट बदलायचा, फोटोला टाय लावायचा, हे आपले लोगोच आहेत. ते जरूर करावं. पण दोन वर्षं नांगर पडून राहिला तरी फाळावरच नजर ठेवणारा एक माणूस इथून जवळच होऊन गेला, एवढं लक्षात असू द्या. सुट्टीला गाडीने जाताना किर्लोस्करवाडीची पाटी दिसली तर मोबाईलमधून जरा मान वर काढा.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी